कळतं, पण वळतं का?
सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या एका गाजलेल्या अभ्यासाविषयी

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत, संस्थांच्या माहितीपत्रकांत आणि आता तर शाळांच्या जाहिरातींतही एक आकडा वारंवार भेटतो. तो आकडा म्हणजे अकरा. मुलांना स्वतःच्या भावना ओळखायला, राग आवरायला, मित्राशी झालेले भांडण मिटवायला शाळेत पद्धतशीरपणे शिकवले, तर त्यांची अभ्यासातील प्रगती 'अकरा टक्क्यांनी' वाढते, असे सांगितले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बौद्धिक क्षमतांच्या बरोबरीने सामाजिक, नैतिक आणि भावनिक क्षमतांचा उल्लेख केल्यापासून असे तास, उपक्रम आणि त्यांची प्रशिक्षणे वाढत आहेत. त्यामुळे हा आकडा कुठून आला आणि तो नेमके काय सांगतो, हे शिक्षकांनी तपासून पाहणे आवश्यक आहे असे आम्हाला वाटते. आकडा खोटा नाही. पण तो टक्क्यांचा नाही, आणि ज्या अभ्यासातून तो उचलला गेला त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्टही ती नव्हे.

मूळ शोधनिबंध २०११ साली 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील जोसेफ डर्लॅक आणि दुसरे इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेतील प्राध्यापक रॉजर वाइसबर्ग. यांपैकी वाइसबर्ग यांची ओळख थोडी विस्ताराने करून द्यायला हवी, कारण या विषयाचे गुण आणि दोष दोन्ही त्यांच्या वाटचालीत दिसतात.

वाइसबर्ग यांचे संशोधनाचे शिक्षण न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात, एमरी कोवेन यांच्या हाताखाली झाले. कोवेन यांनी १९५७ पासून तिथल्या प्राथमिक शाळांत मुलांच्या मानसिक आरोग्याचा एक प्रकल्प चालवला होता. मुले आजारी पडल्यावर उपचार करण्याऐवजी आधीच काही करता येईल का, हा त्यांचा प्रश्न. १९७३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो आजही वाचणाऱ्याला थबकायला लावतो. तिसरीच्या मुलांना सांगण्यात आले होते: समजा, आपल्या वर्गाचे नाटक बसवायचे आहे, तर कोणती भूमिका कोणाला शोभेल? आपल्याकडे गॅदरिंगच्या वेळी होते तशीच ही निवड. मात्र भूमिकांत काही चांगल्या होत्या, काही वाईट. मुलांनी नावे लिहून दिली. अकरा ते तेरा वर्षांनी संशोधकांनी त्या परगण्यातील मनोरुग्णांची नोंदवही पाहिली. त्यात ज्यांची नावे आली होती, त्यांच्याविषयी तिसरीत असतानाच वेगळे काही सांगणारे माप कोणते होते? बुद्ध्यंक नव्हे, परीक्षेचे गुण नव्हेत, शिक्षकांनी केलेले मूल्यमापनही नव्हे. वर्गातल्या मुलांनी वाईट भूमिकांसाठी कोणाची नावे दिली होती, हे माप त्या सर्वांहून सरस ठरले.

(हा प्रयोग कोणी आपल्या वर्गात करून पाहू नये, ही विनंती. वाईट भूमिकेसाठी नाव सुचवले गेलेल्या मुलाला ते नाव कायमचे चिकटते.)

या पायावर वाइसबर्ग यांनी पुढचे काम उभारले. वर्गसोबत्यांनी बाजूला टाकलेले मूल पुढे अडचणीत येणार असेल, तर सोबत्यांशी वागण्याची रीत शिकवता येते का? ऐंशीच्या दशकात येल विद्यापीठात असताना त्यांनी न्यू हेवन शहराच्या सार्वजनिक शाळांसाठी सामाजिक विकासाचा अभ्यासक्रम तयार करण्यात पुढाकार घेतला. गरिबी, गुन्हेगारी आणि अमली पदार्थ यांनी ते शहर तेव्हा पोखरले होते. १९९४ मध्ये डॅनियल गोलमन व इतरांबरोबर 'कॅसेल' ही संस्था स्थापन झाली आणि 'सामाजिक-भावनिक शिक्षण' हे नाव रूढ झाले. वाइसबर्ग यांनी या संस्थेचे नेतृत्व दीर्घकाळ केले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

म्हणजे ज्यांनी या शिक्षणाचा प्रसार केला, त्यांनीच त्याच्या परिणामांचा हिशेबही मांडला. हा आरोप नाही. विज्ञानात असे नेहमी घडते, कारण एखाद्या प्रश्नाची तळमळ असणारा माणूसच त्यासाठी वर्षानुवर्षे खपतो. पण अशा वेळी वाचकाने हिशेबाची वही जरा जवळून पाहावी, एवढाच याचा अर्थ.

वहीत काय आहे? लेखकांनी स्वतः नवा प्रयोग केला नाही. २००७ च्या अखेरपर्यंत झालेले २१३ अभ्यास त्यांनी गोळा केले. त्यांत बालवाडीपासून बारावीपर्यंतची २,७०,०३४ मुले होती. प्रत्येक अभ्यासात कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना होती. वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळ्या चाचण्या वापरलेल्या असल्याने निकाल एकाच मापात आणावे लागतात. त्यासाठी दोन गटांच्या सरासरींतला फरक घ्यायचा आणि गुणांच्या पसरटपणाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, त्याला भागायचे. येणाऱ्या संख्येला आपण 'परिणाम-मान' म्हणू. अशा एकत्रित हिशेबाला महाविश्लेषण म्हणतात.

सामाजिक-भावनिक कौशल्यांसाठी परिणाम-मान ०.५७ आले. स्वतःविषयीच्या व शाळेविषयीच्या वृत्तीसाठी ०.२३, चांगल्या वर्तनासाठी ०.२४, गैरवर्तन कमी होण्यासाठी ०.२२, भावनिक त्रास कमी होण्यासाठी ०.२४ आणि अभ्यासातील प्रगतीसाठी ०.२७. अकराचा जन्म या शेवटच्या संख्येतून झाला.

तो कसा, हे वर्गात करून पाहता येईल. शंभर मुले गुणांच्या क्रमाने रांगेत उभी करा, सर्वांत कमी गुणांचे मूल पहिले. बरोबर मध्यावर, पन्नासाव्या जागेवर एक मूल आहे. त्याची प्रगती ०.२७ प्रमाण विचलनाने वाढली आणि बाकीची मुले होती तिथेच राहिली, तर घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वक्रानुसार ते एकसष्टाव्या जागेच्या आसपास पोहोचेल. हे अकरा म्हणजे रांगेतल्या जागा, शततमकाचे अंक. गुणांचे टक्के नव्हेत. पेपरची सरासरी ५५ आणि प्रमाण विचलन १५ असेल, तर ०.२७ म्हणजे सुमारे चार गुण. पन्नासावे मूल घेतले म्हणून अकरा जागा दिसतात. रांगेच्या मध्यभागी गर्दी असते आणि थोडे सरकले तरी बरेच जण मागे पडतात. नव्वदाव्या जागेवरचे मूल तेवढेच सरकले तर चौऱ्याण्णवाव्या जागेवर जाईल, दहावे मूल सोळाव्या जागेपर्यंत. आणखी एका रीतीने पाहू. कार्यक्रम मिळालेल्या वर्गातले एक मूल आणि न मिळालेल्या वर्गातले एक मूल चिठ्ठी टाकून निवडले, तर पहिल्याचे गुण जास्त असण्याची शक्यता शंभरात सुमारे अठ्ठावन्न. कार्यक्रमाचा काहीच उपयोग नसता तर ती पन्नास असती.

हे चार गुण आम्हाला क्षुल्लक वाटत नाहीत. शाळेत करता येण्याजोग्या किती उपायांनी सबंध वर्गाची सरासरी चार गुणांनी हलते, हे अनुभवी शिक्षकांनीच सांगावे. पण एक बारीक गोष्ट माहितीपत्रकांत कधी येत नाही. २१३ अभ्यासांपैकी अभ्यासातील प्रगती मोजली होती फक्त ३५ अभ्यासांनी, म्हणजे साधारण सहांतून एकाने. उरलेल्या पाचांत ती वाढली, घटली की होती तिथेच राहिली, याचा पत्ता नाही. कार्यक्रम संपल्यावर सहा महिने किंवा अधिक काळाने मुलांना पुन्हा तपासणारे अभ्यास होते केवळ ३३. हे सर्व शोधनिबंधात लिहिलेले आहे. ते लपवल्याचा दोष लेखकांना देता येत नाही. दोष द्यायचाच तर तो निबंधाच्या सारांशापलीकडे न वाचणाऱ्यांना द्यावा लागेल.

आमचा खरा आक्षेप पहिल्या संख्येविषयी आहे. कौशल्यांसाठी ०.५७ आणि वर्तनासाठी ०.२४ किंवा ०.२२. पहिली संख्या दुसरीच्या दुपटीहून मोठी का?

'कौशल्य' कसे मोजले जाते ते पाहिले की उलगडा होतो. पुष्कळदा मुलांना एक प्रसंग सांगितला जातो: मधल्या सुट्टीत मित्राने तुझी वस्तू हिसकावून घेतली, तू काय काय करू शकशील? किंवा चेहऱ्यांची चित्रे दाखवून भावना ओळखायला सांगतात. ज्या मुलांना वर्षभर 'आधी थांब, विचार कर, मग वाग' असे शिकवले, ती या प्रश्नाचे उत्तर अधिक चांगले देणारच. अपूर्णांक शिकवून अपूर्णांकांची परीक्षा घेतल्यासारखे आहे हे. त्यात गैर काही नाही. मात्र अपूर्णांकांच्या बाबतीत पेपर सोडवता येणे आणि अपूर्णांक येणे यांत फार अंतर नसते. रागाच्या बाबतीत असते. उत्तरपत्रिकेत 'मी दहापर्यंत आकडे मोजीन' असे लिहिणारा मुलगा शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर दहापर्यंत मोजतोच असे नाही. आपल्या भाषेने हे फार पूर्वी दोन शब्दांत वेगळे केले आहे: कळणे आणि वळणे. ०.५७ हे बव्हंशी कळण्याचे माप आहे, ०.२२ हे वळण्याच्या अधिक जवळचे. दोन्हींना 'सामाजिक-भावनिक विकास' या एकाच शीर्षकाखाली आणले की मोठी संख्या लहान संख्येला खांद्यावर घेऊन चालते.

लहान संख्याही पूर्ण निर्भेळ नाही. अनेक अभ्यासांत मुलांनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्यांखेरीज दुसरे माप नव्हते. इतर काहींत वर्तनाचे गुण शिक्षकांनी दिले. आणि जो शिक्षक वर्षभर मनापासून तास घेतो त्याला वर्ग सुधारल्यासारखा वाटणे मानवी आहे. मुले चिठ्ठ्या टाकून गटांत विभागण्याची काटेकोर पद्धत निम्म्याहून किंचित कमी अभ्यासांत होती.

आता या निबंधातल्या त्या भागाकडे वळू, जो आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे आणि ज्याचा उल्लेख क्वचितच होतो. लेखकांनी कार्यक्रमांची आपापसांतही तुलना केली. ज्यांत पायरीपायरीने आखलेले पाठ होते, मुलांना प्रत्यक्ष करून पाहायला मिळत होते, त्यासाठी वेळापत्रकात राखीव वेळ होता आणि कोणते कौशल्य शिकवायचे ते स्पष्ट ठरलेले होते, अशा कार्यक्रमांचा परिणाम सहाही बाबतींत दिसला. या चार अटी न पाळणाऱ्यांचा परिणाम निम्म्याच बाबतींत दिसला. अंमलबजावणीत अडचणी आलेल्या ठिकाणी तो आणखी आकसला. शाळा, पालक आणि समाज या सर्वांना गुंफणारे भव्य कार्यक्रम साध्या वर्गातल्या तासापेक्षा सरस ठरतील अशी लेखकांची अपेक्षा होती. ती खोटी ठरली आणि त्यांनी तसे प्रांजळपणे लिहिले. प्रसारकाने स्वतःच्या अपेक्षेविरुद्धचा निकाल छापावा, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत जमा करायला हवी. शिवाय वर्गशिक्षकाने घेतलेले तास सहाही बाबतींत परिणामकारक ठरले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी घेतलेल्या तासांना ते जमले नाही, आणि अभ्यासातील प्रगती तर शाळेतल्याच माणसांनी तास घेतले तेव्हाच दिसली.

याचा उलटा पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला. तिथे सरकारने 'सील' नावाचा कार्यक्रम २००५ मध्ये प्राथमिक आणि २००७ मध्ये माध्यमिक शाळांत आणला. प्रत्येक शाळेने त्यातून आपल्याला हवे ते घ्यावे, हवे तसे वापरावे, अशी सैल रचना होती. मँचेस्टर विद्यापीठातील नील हम्फ्री व सहकाऱ्यांनी कार्यक्रम घेणाऱ्या २२ आणि न घेणाऱ्या १९ माध्यमिक शाळांची तुलना केली. २०१० च्या त्यांच्या अहवालात मुलांच्या कौशल्यांत, मानसिक अडचणींत किंवा वर्तनात नोंद घेण्याजोगा फरक आढळला नाही. तोवर देशातल्या बहुसंख्य शाळांत 'सील' पोहोचला होता. आधी सर्वत्र, मग चाचणी, हा क्रम आपल्यालाही अपरिचित नाही. सैलपणा हेच अपयशाचे एकमेव कारण मानणेही घाईचे होईल, कारण त्याच गटाने पुढे मँचेस्टर परिसरातील ४५ प्राथमिक शाळांत एक काटेकोर अमेरिकी कार्यक्रम चिठ्ठ्या टाकून तपासला, तेव्हाही हाती आलेले परिणाम तुरळक आणि लहानच होते. वाइसबर्ग यांच्या २१३ अभ्यासांतले बहुतांश अमेरिकेतले होते, हे इथे आठवावे. २०२३ मध्ये क्रिस्टिना सिप्रियानो व सहकाऱ्यांनी ५३ देशांतल्या ४२४ अभ्यासांचा असाच हिशेब मांडला. परिणाम पुन्हा चांगल्या बाजूचेच आले, मात्र २०११ पेक्षा माफक.

निरुपयोगी ठरले तरी नुकसान तर नाही ना, असा युक्तिवाद काही जण करतात. तोही तपासून घ्यावा लागेल. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर ध्यान-सजगतेचे तास आजमावले गेले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा ते सरस ठरले नाहीत. ऑस्ट्रेलियात हजारावर किशोरांना भावना हाताळण्याचे आठ तास दिले गेले. २०२३ मध्ये निकाल छापून आला, तेव्हा तास संपल्यानंतर लगेचच्या तपासणीत या मुलांची चिंता आणि उदासी, तसेच आईवडिलांशी असलेले नाते, तुलनेच्या गटापेक्षा वाईट निघाले होते. ज्याला काही होत नाही अशा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला आपल्या मनात काय खुपते ते शोधायला सांगितले, तर त्याला काहीतरी सापडणारच, असा आमचा तर्क आहे.

शेवटी आपल्या देशातला एक अभ्यास. तो 'वर्गशिक्षकच सर्वांत परिणामकारक' या निष्कर्षाशी सरळ भिडतो. गोव्यातील 'संगत' या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा उपक्रम आजमावला. सचिन शिंदे, विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निकाल दिले. सरकारी माध्यमिक शाळा चिठ्ठ्या टाकून तीन गटांत विभागल्या होत्या, आणि अखेरपर्यंत ७४ शाळा टिकल्या. एका गटात फक्त नेहमीचा किशोर-शिक्षण कार्यक्रम होता. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला सेहेरचे काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिले. तिसऱ्यात तेच काम पूर्णवेळ नेमलेल्या, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे होते. परिपाठाच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, नाव न लिहिता तक्रार टाकण्याची पेटी, गरजू मुलांशी एकट्याने बोलणे, असे कामाचे स्वरूप होते. नववीच्या मुलांची आठ महिन्यांनी तपासणी झाली. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांना शाळेचे वातावरण कितीतरी चांगले वाटू लागले होते. उदासी, दमदाटी, मारामारी कमी झाली होती. वातावरणाचे परिणाम-मान जवळजवळ १.९ आले. एवढी मोठी संख्या या क्षेत्रात दिसत नाही, आणि ती मुलांच्याच उत्तरांवर आधारलेली असल्याने आम्ही ती थोडी हात राखूनच घेऊ. पण शिक्षकांकडे काम सोपवलेल्या शाळांतही मुलांनाच विचारले होते, आणि तिथे आकडा जवळजवळ शून्य आला. सतरा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हाही दोन्ही निकाल तसेच होते.

मग शिकागोचे खरे की नालंदाचे? दोन्ही कामे सारखी नव्हती. तिकडे प्रामुख्याने वर्गातले आखीव पाठ, इकडे सबंध शाळेचे वातावरण. पण एक फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. वाइसबर्ग यांच्या यशस्वी कार्यक्रमांची एक अट राखीव वेळ ही होती. नालंदातील शिक्षकाला आपले नेहमीचे तास सांभाळून हे काम करायचे होते. शिवाय जो शिक्षक सकाळी गुण देतो आणि दुपारी शिक्षा करतो, त्याच्यापाशी मुलाने घरातली मारहाण सांगावी, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

यांतले खरे कारण कोणते, वेळ की भूमिका, हे त्या तीन गटांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी चौथा गट हवा होता: ज्या शिक्षकाचे आठवड्याचे निम्मे तास दुसऱ्याकडे दिले आहेत आणि ज्याला या मुलांच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत, असा शिक्षक. एखाद्या जिल्ह्यातल्या पन्नास-साठ माध्यमिक शाळा, चिठ्ठ्या टाकून केलेले गट, दोन वर्षे आणि प्रश्नावल्यांच्या जोडीला हजेरीपट व परीक्षेचे गुण, एवढ्या साधनांत हे तपासता येईल. भावनिक शिक्षणाचे पुढचे परिपत्रक काढण्याआधी ते तपासून घ्यायला दोन वर्षांचा अवधी काही फार नाही.